४८ ग्रॅमचा आकडा बाजूला ठेवा, आधी रात्रीची लघवी मोजा

पत्र थोडक्यात असं आहे: "मिस्टरांचं वय ६८. वर्षभरापासून रात्री चार-चार वेळा उठतात, लघवीची धार बारीक झालीये, टॉयलेटमध्ये पाच पाच मिनिटं उभे असतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ ग्रॅम, ग्रेड २ आलंय, लघवी केल्यावर ९० मिली शिल्लक राहते असं लिहिलंय. पीएसए, ती प्रोस्टेटची रक्ततपासणी, २.८. डॉक्टरांनी टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराईड एकत्र असलेली कॅप्सूल दिली, ती आठ दिवस घेतली आणि काही फरक नाही, वर उठताना गरगरतं, म्हणून बंद केली. आता संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाहीत. बाकी तब्येत चांगली आहे, फक्त बीपीची गोळी रात्री जेवणानंतर चालू आहे आणि संध्याकाळी पाय थोडे सुजतात पण ते वयामुळे असेल. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. ओळखीतले एक जण म्हणतात लगेच ऑपरेशन करून टाका नाहीतर कॅन्सर होतो, दुसरे म्हणतात ऑपरेशननंतर माणूस पुरुष राहत नाही. ग्रेड २ म्हणजे किती सिरियस? आणि ऑपरेशनबद्दल ते दुसरे म्हणतात ते खरं का, हे विचारायला पण लाज वाटते."

ताई,

लाज वाटली तरी विचारलंत हे बरं केलंत, कारण मिस्टर स्वतः हा प्रश्न कधीच विचारणार नाहीत. मी चाळीस वर्षं साधी फॅमिली डॉक्टरकी केली, आता वय ७३, आणि गेली नऊ वर्षं मी स्वतः रोज रात्री हीच प्रोस्टेटची कॅप्सूल घेतोय, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत मला. पेशंट म्हणून मी किती शहाणा होतो ते पुढे सांगतो, हसू नका.

आधी ग्रेड २ ची भीती काढून टाकू. सोनोग्राफीवाल्यांचं 'ग्रेड' म्हणजे निव्वळ साईज. थोडं मोठं ग्रेड १, त्याहून मोठं ग्रेड २, असं. कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये पण ग्रेड हाच शब्द असतो म्हणून घोळ होतो, पण या दोन ग्रेडचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आणि ही जी वाढ आहे, वयानुसार होणारी, ती कॅन्सरची नाही आणि तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर पण होत नाही. दोन्ही वेगळी दुखणी आहेत, दोन्ही म्हातारपणी येतात म्हणून एकाच माणसात दोन्ही सापडू शकतात, एवढंच. वाढ होते ती प्रोस्टेट ग्रंथीच्या आतल्या भागात, लघवीच्या नळीला लागून. कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो, म्हणून तर डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तपासतात, तो मागचा भाग बोटाला लागतो. ही तपासणी झालीये का ते तुम्ही लिहिलं नाही. बरेच पुरुष "नको नको" म्हणून टाळतात आणि डॉक्टर पण घाईत असतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, झालं नसेल तर करून घ्यायला सांगा.

आता ४८ ग्रॅम. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते, अक्रोडाएवढी. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढायला लागते, साठीपर्यंत निम्म्या पुरुषांमध्ये वाढ सुरू झालेली असते आणि ऐंशीच्या पुढे तर जवळजवळ सगळ्यांमध्येच. म्हणजे केस पांढरे होण्यातलाच प्रकार. गंमत अशी की साईज आणि त्रास यांचा हिशोब जुळत नाही. माझ्याकडे ९० ग्रॅमचे एक गृहस्थ यायचे, रात्री एकदाच उठायचे आणि निवांत. आणि ३० ग्रॅमवाला एक बिचारा दर तासाला पळायचा. कारण वाढ बाहेरच्या दिशेने झाली तर नळीला काही होत नाही आणि आतल्या दिशेने थोडीशी जरी झाली तरी नळी चेपते. शिवाय तिथले स्नायू किती आवळलेले आहेत आणि लघवीची पिशवी किती दमलीये यावर पण असतं. म्हणून ४८ हा आकडा बघून घाबरू नका आणि उद्या तो ५२ झाला म्हणून पण घाबरू नका.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचली ती प्रोस्टेटबद्दलची ओळ नव्हतीच. "बाकी तब्येत चांगली आहे, फक्त बीपीची गोळी रात्री आणि पाय सुजतात", ही ती ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिली, पण रात्रीच्या चार फेऱ्यांमधल्या दोन तरी कदाचित इथून येत असतील.

म्हणजे कसं ते सांगतो. रात्री लघवीला उठणं दोन प्रकारचं असतं. एक, पिशवी नीट रिकामी होत नाही किंवा चिडलेली असते, म्हणून थोडी थोडी लघवी झाली की लगेच परत जावंसं वाटतं. हे प्रोस्टेटचं. दुसरं, रात्री शरीर लघवीच जास्त बनवतं, आणि मग पिशवी कितीही चांगली असली तरी उठावंच लागतं. दिवसभर पाय खाली सोडून बसल्यावर पायात जे पाणी साचतं ते आडवं झालं की परत रक्तात येतं आणि किडनी ते रात्रभर बाहेर काढत बसते. बीपीच्या काही गोळ्यांनी पाय सुजतात, ॲम्लोडिपिन त्यातली सगळ्यात नेहमीची. आणि काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, नावाच्या शेवटी एच किंवा डी असं एखादं अक्षर जोडलेलं असतं त्यामुळे लोकांच्या लक्षात पण येत नाही, आणि ती गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर काय होणार, रात्रभर वाऱ्या. आणि नाव प्रोस्टेटचं.

तुमच्या मिस्टरांची गोळी नेमकी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी खात्रीने बोलत नाही, पण पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, यात लघवीचं औषध आहे का, असेल तर सकाळी घेतलेलं चालेल का, आणि पायाची सूज या गोळीने आहे का. स्वतःहून बंद करू नका, बीपीशी खेळ नको. सुजेमागे हार्ट किंवा किडनीचं काही नाही ना तेही त्याच वेळी बघून घेतील. शुगर तपासली नसेल तर तीही. आणि जोरात घोरतात का, घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का? हो असेल तर तेही सांगा, झोपेतल्या त्या आजारात पण रात्री लघवी जास्त होते आणि हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

पण हे सगळं अंदाजाने नको, मोजून. हा माझा आवडता उद्योग आहे आणि पेशंट लोक सगळ्यात जास्त कंटाळतात ते यालाच. मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा एक मोजपात्राचा मग घ्या, टॉयलेटमध्ये ठेवा, खिळ्याला दोरीने वही आणि पेन अडकवा. तीन दिवस, रात्री धरून, प्रत्येक वेळी त्या मगात लघवी करायची, वेळ आणि किती मिली ते लिहायचं, ओतून टाकायचं. किती पाणी, किती चहा, तेही लिहायचं. अगदीच घाई लागली असेल तर बाजूला एक फुली मारायची. बस. तीन दिवस सलग जमले नाहीत तर सुटे घ्या.

मग बेरीज करायची. झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंतची सगळी, आणि उठल्यावरची पहिली पण रात्रीच्या खात्यात धरायची कारण ती रात्रीच बनलेली असते. समजा चोवीस तासांत १५०० मिली झाली आणि त्यातली ७०० रात्रीची निघाली, तर हा मामला मुख्यतः प्रोस्टेटचा नाहीच. या वयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त गेला की लघवीच रात्री जास्त बनतेय असं धरतात, आणि मग प्रोस्टेटचं कितीही भारी ऑपरेशन करा, माणूस रात्री उठतच राहणार आणि म्हणणार की ऑपरेशन फेल गेलं. याउलट रात्रीच्या चारही वेळा ७०-८० मिलीच होत असेल तर पिशवी आणि प्रोस्टेटकडे बोट दाखवा. दोन्हीचं मिश्रण पण निघतं, माझं तसंच निघालं होतं.

सूज असेल तर दुपारी किंवा संध्याकाळी तासभर पाय उशांवर ठेवून आडवं पडायचं, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जातं. पायी फिरण्याने पण फरक पडतो. साधा उपाय आहे म्हणून कुणी करत नाही.

आता ते पाचनंतर पाणी बंद. हे त्यांना तेवढं थांबवायला सांगा. झोपायच्या आधी दोन तास कमी प्यायचं हे बरोबर आहे, पण दिवसाचं एकूण पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, घट्ट लघवी पिशवीला झोंबते आणि उलट घाई वाढते. त्यात पिशवीत ९० मिली शिल्लक राहतंय, म्हणजे इन्फेक्शनला आणि खड्यांना तयार जागा. वरून बद्धकोष्ठ. आतडं भरलेलं असलं की पुढे पिशवीवर दाब येतो आणि लघवी अजून अडते. दिवसभरात दीड-दोन लिटर, त्यातलं बरंचसं सकाळपासून दुपारपर्यंत, हार्ट किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर. चहा कॉफी संध्याकाळनंतर नको. दारू घेत असतील तर झोपायच्या आधी तर नकोच नको.

उभं राहून पाच पाच मिनिटं थांबण्यापेक्षा बसून लघवी करायला सांगा. पुरुषांना हे कमीपणाचं वाटतं, का ते देव जाणे, पण प्रोस्टेटवाल्यांची पिशवी बसून जास्त चांगली रिकामी होते. जोर लावायचा नाही. झाली असं वाटल्यावर उठायचं नाही, एखादं मिनिट तसंच बसायचं, मन दुसरीकडे न्यायचं आणि परत प्रयत्न करायचा, बऱ्याचदा अजून अर्धा कप निघते. आणि पँट वर केल्यावर जे चार थेंब येतात आणि ज्यापायी लोक फिकट रंगाची पँट घालायची सोडतात, त्याला एक युक्ती आहे, लघवी झाल्यावर अंडकोषाच्या मागच्या बाजूला दोन बोटांनी हलकं दाबून पुढे सरकवत यायचं म्हणजे नळीत अडकलेलं बाहेर येतं. ही गोष्ट मला कॉलेजात कुणी शिकवली नाही, एका पेशंटनेच सांगितली.

औषधाबद्दल. आठ दिवसांत बंद केलं म्हणताय, तर त्या कॅप्सूलमध्ये दोन वेगळी माणसं आहेत असं समजा, एक चपळ आणि एक संथ. टॅमसुलोसिन हा चपळ, नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो, काही दिवसांत नाहीतर दोन-चार आठवड्यांत धार सुधारते, पण ग्रंथी लहान करत नाही. ड्युटास्टेराईड हा संथ, तो ग्रंथी आकसवतो, साधारण पाव भागाने, पण त्याला तीन ते सहा महिने लागतात. आठ दिवसांत त्याने अजून चपला पण काढलेल्या नसतात. मोठ्या ग्रंथीत दोन्ही एकत्र देण्यामागे कारण आहे, २००३ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, एमटॉप्स नावाचा, त्यात चपळ आणि संथ प्रकारातली दोन औषधं मिळून दिल्यावर आजार पुढे सरकण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला होता, एकेकटं देऊन त्याच्या निम्म्याच्या आसपासच.

या संथ औषधाचा जन्म कसा झाला ते सांगायचा मोह होतोय, दोन मिनिटं द्या. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची आणि वयात आल्यावर मुलगा व्हायची. १९७४ मध्ये डॉक्टरांनी त्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनपासून अजून एक जालीम हार्मोन, डीएचटी, बनवणारं एन्झाईमच कमी होतं. आणि ही माणसं मोठी झाल्यावर त्यांचं प्रोस्टेट मात्र कायम पिटुकलं राहायचं. म्हणजे प्रोस्टेट फुगवणारा खरा कारभारी हा डीएचटी. मग तेच एन्झाईम गोळीने अडवलं तर? त्यातून फिनास्टेराईड आलं, १९९२ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटसाठी मंजूर झालं, आणि ड्युटास्टेराईड हा त्याचाच पुढचा भाऊ. असो.

गरगरणं चपळ औषधामुळे, ते रक्तवाहिन्या पण थोड्या सैल करतं आणि बीपीची गोळी सोबत आहेच. बऱ्याच जणांचं काही दिवसांत कमी होतं. जेवणानंतर, रोज एकाच वेळी घ्यायची, आणि रात्री उठताना झटकन उभं राहायचं नाही, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. लाईट न लावता अंधारात जातात का? बरेच जण बायकोची झोपमोड नको म्हणून तसंच जातात आणि मग पडतात. या वयात प्रोस्टेटच्या अशा वाढीने माणूस क्वचित जातो, पण रात्री टॉयलेटला जाताना पडून खुब्याचं हाड मोडलं तर अंथरूण धरतो. जमिनीलगत एक छोटा दिवा ठेवा, ओली फरशी आणि सरकणारं पायपुसणं काढा, अगदीच वाटलं तर पलंगाजवळ युरिन पॉट. तरीही गरगरणं राहिलं तर त्याच गटातलं दुसरं औषध मिळतं, डॉक्टरांना सांगा, आपण आपलं बंद करून घरी बसू नका.

आणि मोतीबिंदू! बरं झालं लिहिलंत. टॅमसुलोसिन घेतलेल्या माणसाच्या डोळ्यातली बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी होत नाही आणि भोवतीचा पडदा लुळा पडून फडफडतो. डोळ्याच्या सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीनिशी बसतो आणि ऑपरेशन छान होतं. माहीत नसेल तर ऐनवेळी पंचाईत. आठ दिवसच घेतलं होतं, आता बंद आहे, असं म्हणून लपवू नका, बंद केल्यावर पण हा परिणाम राहू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा, आणि कॅप्सूल परत सुरू करायची ती डोळ्याच्या आधी की नंतर हे दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा. महिनाभर थांबलं म्हणून सहसा काही बिघडत नाही, लघवी पूर्ण अडत नसेल तर.

पीएसएचं एक लक्षात ठेवा, हे मी लाल पेनाने लिहून दिलं असतं. २.८ हे ६८ व्या वर्षी, एवढ्या मोठ्या ग्रंथीला, घाबरण्यासारखं नाही. पण ड्युटास्टेराईडने पीएसए सहा महिन्यांत साधारण निम्मा होतो. म्हणजे वर्षानंतर रिपोर्ट १.४ च्या आसपास यायला पाहिजे. तो जर २.६ आला तर लॅबचा कागद म्हणेल नॉर्मल, तुम्ही म्हणाल वा वा कमी झाला, आणि खरं तर त्याला दोनने गुणायचं असतं, म्हणजे ५.२. नवीन डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. आणि इन्फेक्शन असताना किंवा लघवी तुंबून नळी घातल्यावर लगेच पीएसए करू नका, खोटाच वाढलेला येतो आणि घरात रडारड. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगायचं. अजून एक, घरात कुणी गरोदर असेल तर तिने गळकी किंवा फुटलेली कॅप्सूल हातात घेऊ नये.

त्या ९० मिलीबद्दल पण थोडं. सोनोग्राफीला आपल्याला बाटल्या बाटल्या पाणी पाजतात, पिशवी तुडुंब, कळ निघत नाही, मग "जाऊन या" म्हणतात, बाहेर रांग, आत तीच घाई, अशात कुणाची पिशवी पूर्ण रिकामी होते? तुडुंब पिशवी तशीही नीट आकसत नाही. म्हणून एका वेळच्या ९० वर निष्कर्ष काढायचा नसतो, निवांत परत मोजायचा. सोबत युरोफ्लोमेट्री करायला सांगा, एका यंत्रात लघवी करायची, धारेचा वेग कळतो. सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर चांगलं, १० च्या खाली गेलं तर अडथळा असण्याची शक्यता जास्त, पण किमान १५० मिली झाली तरच तो आकडा खरा. लघवीची साधी तपासणी आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, झालं नसेल तर तेही.

डॉक्टर सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतात, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ जास्त. आणि शेवटी एक आठवा प्रश्न असतो, आयुष्यभर असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच, कारण ट्रीटमेंट किती करायची हे बहुतेक वेळा त्याच्याच उत्तरावर ठरतं. हा कागद मिस्टरांनी भरायचा, तुम्ही नाही. बायको भरते तेव्हा मार्क वाढतात आणि नवरा भरतो तेव्हा कमी येतात, मी बघितलंय.

आता माझी गोष्ट, कबूल केल्याप्रमाणे. सहा वर्षांपूर्वी, कॅप्सूल चालू असताना, सर्दी झाली म्हणून मीच माझ्या हाताने नाक मोकळं करणारी गोळी घेतली, दोन दिवस, चार वेळा. पेशंटना मी हजारदा सांगितलं होतं की प्रोस्टेट असेल तर ही गोळी नको. वर लांबचा बस प्रवास आणि पाच तास लघवी धरून ठेवली. उतरल्यावर टॉयलेटमध्ये गेलो तर एक थेंब नाही. पोट फुगून बेंबीपर्यंत आलेलं, घाम फुटलेला, भिंतीला डोकं टेकवून उभा, नळ सोडून बघितला, गरम पाणी टाकून बघितलं, काही नाही. शेवटी कॅज्युअल्टीत गेलो, एका कोवळ्या मुलाने नळी घातली आणि नऊशे मिली निघाली. त्या क्षणाचं सुख मी कशाशीच तुलना करू शकत नाही. मग त्याने विचारलं, "काका, सर्दीचं काही घेतलं होतं का?" मी डॉक्टर आहे हे मी त्याला सांगितलं नाही. तीन दिवस नळी, मग काढून बघितलं, लघवी सुरू झाली, सुटलो.

तेव्हा सर्दीच्या गोळ्या, खाज-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, खोकल्याची काही औषधं, हे सगळं केमिस्टला "प्रोस्टेट आहे" असं सांगूनच. कुठलीही दुसरी सर्जरी असेल तर भूल देणाऱ्यांना पण सांगायचं. आणि लघवी धरून ठेवायची नाही, कार्यक्रम अर्ध्यात सोडावा लागला तरी चालेल.

लघवी पूर्ण अडली, पोटात कळ, तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि एक फसवं लक्षण सांगतो, एवढ्या वयाचा माणूस झोपेत अंथरूण ओलं करायला लागला आणि दुखत मात्र काहीच नाही, तर ते म्हातारपण म्हणून डायपर आणू नका. पिशवी महिनोन्महिने तुंबून शेवटी भरलेल्या हंड्यासारखी वरून सांडत असते आणि तोवर किडनीवर दाब आलेला असतो. हे लोक कुणाला सांगत नाहीत, गुपचूप चादर धुऊन टाकतात.

ऑपरेशन कधी? लघवी परत परत अडतेय, नळी काढली की अडतेच, वारंवार इन्फेक्शन, पिशवीत खडे, रक्त थांबत नाही, किंवा अडथळ्यामुळे क्रिएटिनिन वाढतंय, अशा वेळी टाळू नये. किंवा औषधं नीट, पुरेसे महिने घेऊनही जगणं नकोसं होतंय तेव्हा. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही. त्यामुळे "लगेच करून टाका" हा सल्ला देणाऱ्यांना चहा पाजा आणि विषय बदला. कॅन्सर टाळायला तर हे ऑपरेशन नसतंच, दुर्बिणीने लघवीच्या वाटेने जाऊन फक्त आतला वाढलेला भाग खरवडतात, बाहेरचं कवच तसंच राहतं. म्हणून ऑपरेशननंतरही पीएसएबद्दल डॉक्टरांना विचारत राहायचं. खूप मोठी ग्रंथी असेल तर लेझरने आतला गर सोलून काढतात. हल्ली वाफेने किंवा छोट्या क्लिप लावून करायच्या पद्धती पण आहेत, पण त्या सगळ्यांना आणि सगळीकडे लागू पडत नाहीत.

आता तुमचा लाजेचा प्रश्न. ताठरता बहुतेकांची ऑपरेशनआधी जशी होती तशीच राहते. बदलतं ते वीर्य. ते बाहेर न येता उलटं पिशवीत जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर निम्म्याहून जास्त जणांचं असं होतं आणि ते सहसा कायमचं असतं. सुखाची भावना राहते, अपाय काही नाही, फक्त कोरडं वाटतं आणि ज्याला आधी सांगितलेलं नसतं तो घाबरून जातो. "पुरुष राहत नाही" ही अफवा बहुधा इथूनच निघाली. उलट गोळ्यांचं सांगायला हवं, ड्युटास्टेराईडने काही जणांची इच्छा कमी होते, ताठरतेला त्रास होतो, कधी छाती थोडी दुखरी होते. टॅमसुलोसिनने वीर्य कमी येतं. असं झालं तर बोला, पर्याय आहेत, टाडालाफिल या ताठरतेच्या औषधाचा छोटा रोजचा डोस प्रोस्टेटला पण चालतो, फक्त हार्टसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर तो चुकूनही नाही, बीपी धोकादायक खाली जातं.

झाडपाल्याच्या, 'प्रोस्टेट केअर' लिहिलेल्या डब्यांबद्दल एकच, सॉ पाल्मेटो हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं, २००६ आणि २०११ मधल्या दोन नीट केलेल्या अभ्यासांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, दुसऱ्यात तर डोस तिप्पट करून बघितला होता. घेत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका एवढंच.

तर या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन, बीपीच्या गोळीचं पाकीट घेऊन एक चक्कर, आणि तो मग. वही मिस्टरांच्या अक्षरात भरलेली पाहिजे, तुमच्या नाही. तीन दिवस झाले की आकडे मला पाठवा, आणि वर गोळीचं पूर्ण नाव लिहा, शेवटच्या अक्षरासकट.